टाचेचा खळगा

(नागपूर, १९५४. अक्षयतीजेची सकाळ. गावाबाहेर कोष्ट्यांचा जुना मसणवटा. कोष्टी मेला की पुरायचा, अशी इथली रीत. अनुसया पाण्याची घागर घेऊन उभी आहे. तिचा धाकटा दीर जागेश्वर झुडपं बाजूला सारतो आहे.)

अनुसया : हा नाही, तो नाही. सकाळपासून हेच आयकून राहिली मी. जागेश्वर, माह्या मालकाची, तुह्या सख्ख्या भावाची माती हाये अठी. तुले सापडत नाही म्हणजे काय?

जागेश्वर : काटे किती माजले पाह्य ना वयनी. पहिले असं नव्हतं.

अनुसया : नाचता येईना, अंगण वाकडं! गेल्या अक्षयतीजेले तं तूच पाणी घेऊन आला होता. घागर मी भरून देली, तू सायकलले बांधून नेली.

जागेश्वर : हाव. नेली होती.

अनुसया : अन् सालभरात ही बाभूळ एवढी वाढली? बुड पाह्य तिचं, माह्या मांडीएवढं.

जागेश्वर : तू उन्हात नोको उभी राहू. त्या निंबाखाली बस. आपल्यात बायाइनं अठी येऊच नये म्हणतात, तरी तू आली.

अनुसया : सोमवारी अठून सडक काढाले सडकवाले येतात. ज्याले आपला दगड ओळखता येईन त्यानं नव्या जागी न्यावा, बाकीचे गिट्टीत जातीन, असं सांगून गेला ना तो साहेब? अकरा सालं तुह्या भरवशावर राह्यली. आज माह्या पायानं आली.

जागेश्वर : पण दगड सारेच एकसारखे. ना नाव, ना साल.

अनुसया : आपल्यात नाव कोन कोरते बापा? मागाच्या खड्ड्यात ज्या दगडावर टाच टेकून माणसानं जलमभर लुगडी इनली, तोच काढून त्याच्या उशाले ठेवायचा. खळगा पाह्य टाचेचा.

जागेश्वर : खळगा तं हरेकाले हाये. हा पाह्य. हा पाह्य. पन्नास कोष्टी झोपले अठी, साऱ्याइनंच टाचा घासल्या.

अनुसया : मंग सांग, मी पाणी कोनाले घालू?

(जागेश्वर हातातली फांदी खाली टाकतो.)

अनुसया : बोल ना गा.

जागेश्वर : वयनी, मी खोटं बोललो तुले. पहिली दोन सालं आलो. मंग मिलमधी लागलो. अक्षयतीजेलेही ड्यूटी, भोंग्याच्या आत पोचा लागे. बाबनदादाची घागर मी मिलच्या फाटकापाशीच ठेवून देत होतो.

अनुसया : माहीत हाये मले.

जागेश्वर : काय माहीत हाये?

अनुसया : शेजारच्या पुष्पलतानं पाह्यली घागर फाटकापाशी. माही हळदीची पाच बोटं होती तिच्यावर. चार सालं झाली त्या गोष्टीले.

जागेश्वर : चार सालं? अन् तरी भरून देतच राह्यली? बोलली काहून नाही?

अनुसया : लय राग आला होता. दोन दिवस चूल नाही पेटवली मी, आठवते? मंग वाटलं, बोलली अन् तू म्हटलं, 'नाही नेत जा', तं घागर कोनाच्या हाती देऊ? कमीत कमी घरातून तं निघत होती.

जागेश्वर : लोक प्यायचे ते पाणी. वाया नाही गेलं.

अनुसया : लोकाइले पाजायचं होतं तं दुसरी घागर मागायची. ही त्याइची होती.

जागेश्वर : हाव. चुकलं माहं.

अनुसया : आता नाक पूस. चप्पल काढ अन् एकेका दगडावर पाय ठेव.

जागेश्वर : भावाच्या उशाले पाय लावू? पाप लागन वयनी!

अनुसया : जिते होते तवा त्याइच्या बाजूले बसून त्याच दगडावर पाय ठेवत होता ना? आठ वर्साचा होता. पाच सालं बसला. मोठ्या खळग्याले लागून तुह्या टाचेचा लहान खळगा असन. असा दुसऱ्या कोनाच्या दगडाले नाही. डोळ्याले दिसणार नाही तो, पायाले लागन.

जागेश्वर : हे तुले पहिलेपासून माहीत होतं?

अनुसया : तुले आठवन म्हणून वाट पाहून राहिली होती. जाय, ठेव पाय.

जागेश्वर : हा नाही... याले एकच हाये... हाही नाही... वयनी!

अनुसया : काय झालं गा?

जागेश्वर : हा मोठा. अन् हा बाजूले... माही टाच मावत नाही आता याच्यात.

अनुसया : सरक. काटे बाजूले कर. घागर टेकू दे मले.

जागेश्वर : हळू. मी धरतो तुले.

अनुसया : धर. ...हं. भरले दोन्ही खळगे.

जागेश्वर : उचलू का दगड? भोंग्याच्या आत नव्या जागी पोचवून देतो.

अनुसया : थांब जराक. नऊ सालाची तहान हाये. पिऊ दे त्याइले.