शब्द आमचे, भिंत त्यांची

...आन् औंदा बी पहिला नंबर त्यांचाच! थांबा, आधी माफी मागतो. माझी शाळा सहावीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ चुकतंय, शब्द बी साधेच येतात, सांभाळून घ्या. चार माणसांत मला बोलता येत न्हाई, म्हणून लिहून आणलंय. पण मी जळून राहिलो असं समजू नका. फक्त सांगून राहिलो.

तर आमचा बंजाऱ्यांचा तांडा सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला, आन् उतार उतरलं की ते खालचं गाव. दोन्हीकडं जिल्हा परिषदेची शाळा, दोन्हीकडं सातवीपर्यंत, खिचडीचा तांदूळ एकाच गाडीतून उतरतो, पुस्तकं बी तीच. मंग काहून त्यांची लेकरं धडाधडा वाचतात आन् आमची बोट ठेवून अक्षर शोधत बसतात? औंदा केंद्रातल्या सगळ्या शाळांची वाचनाची तपासणी झाली. ते सगळ्यात वर. आमी... आता कुणीतरी खाली लागतंच की, न्हाईतर वरच्याला वरचा म्हणायचं कसं?

त्यांनी शाळेला रंग दिला तो बी आगगाडीचा. एकेक वर्ग म्हणजे एकेक डबा. आमच्या भिंतीवर काय हाय? लाल अक्षरात, 'मराठीत बोला.' बस. पोपडे धरून दोन रंग होतात म्हणा.

आन् बराबर कुठं लागतं सांगू? आमच्या तांड्याची निम्मी लेकरं त्या आगगाडीत शिकतात, आन् त्यांना तिथवर नेतो कोण? मीच! माझ्या ऑटोत! भावसिंग तर रोज पोरगं बसवताना म्हणतो, "वसराम, तुझ्यामुळं हुशार झालं बघ." आता याच्यावर माणसानं हसावं का उतरून पायी जावं?

फक्त एका लेकराला मी नेत नव्हतो. दिपाला, माझ्या बहिणीला. ती सहावीत, आमच्याच शाळेत. म्हटलं, एक तरी घर आपल्या शाळेच्या बाजूनं राहावं का न्हाई? ती रोज सकाळी ऑटोपाशी येऊन उभी राहायची. भांडायची न्हाई, रडायची न्हाई. नुसतं म्हणायची, "भिया, मागं जागा हाय की." भिया म्हणजे आमच्या गोरमाटीत भाऊ. मी आरशात बघायचो. जागा असायची.

मंग ती तपासणी. साहेबांनी दिपाला भाकरीचं चित्र दाखवलं, विचारलं, हे काय? आता भाकर तिला ठाऊक न्हाई का? पण घाबरलं की तोंडात घरचाच शब्द येतो. म्हणाली, "बाटी." आमी भाकरीला बाटीच म्हणतो. साहेबांनी फुली मारली, आन् साहेब गेल्यावर आमच्या हेडमास्तरांनी पोरीला भिंतीसमोर उभं करून ती लाल अक्षरं वाचायला लावली. घरी आली तर याडी, म्हणजे आमची आई, गरम बाटी घेऊन तिच्या मागं मागं, आन् पोरगी बाटीकडं बघायला तयार न्हाई.

माझं डोकंच फिरलं. हेडमास्तरांवर फिरायला पाहिजे होतं, पण त्यांच्यासमोर माझा आवाज निघत न्हाई, म्हणून खालच्या गावावर फिरलं. म्हटलं, जातो आन् एक तरी चूक काढून आणतो. लेकरं सोडली आन् पहिल्यांदाच फाटकाच्या आत गेलो. नळ फिरवला, पाणी आलं. असू दे. संडासाचं दार बघितलं, कडी हाय. असू दे. सहावीच्या वर्गात डोकावलो, आन् तुमाला सांगतो, हातातली किल्ली खाली पडली. भिंतीवर लिहिलेलं, 'आई – याडी.' खाली, 'भाकर – बाटी.' खाली गाय, खाली कुत्रा... आख्खी भिंत आमच्या बोलीची! तिथल्या मंजुषा मॅडमनी एकेक शब्द आमच्याच लेकरांना विचारून लिहिलेला. म्हणजे शब्द आमचे, लेकरं आमची, ऑटो माझा, आन् नंबर त्यांचा? ह्याला काय म्हणायचं?

पण मी जळून राहिलो नव्हतो. फक्त उन्हात ऑटोत बसून राहिलो, चालू करायचं ध्यानातच आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपा येऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडायच्या आत म्हटलं, "बस. शाळेच्या दाखल्याचं नंतर बघू." ती मागं न्हाई बसली, माझ्या बाजूला बसली.

फाटकात मंजुषा मॅडम. त्यांनी दिपाचा हात धरला आन् मला अडखळत अडखळत गोरमाटीत सांगितलं, लेकरांना जरा लवकर आणत जा. आन् शेवटी मला म्हणाल्या, "दादा." लेकरं खो खो हसायला लागली. काहून की गोरमाटीत दादा म्हणजे आजोबा! मी चोवीस वर्षांचा!

सापडली! आख्ख्या शाळेत एक चूक सापडली! काय सांगू, छाती इतकी भरून आली की लाजणंच विसरलो. म्हटलं, "मॅडम, दादा म्हणजे आजा. भावाला भिया म्हणतात."

मॅडम हसल्या. खडू घेतला, आत गेल्या आन् भिंतीवर लिहून टाकलं, 'भाऊ – भिया.' दिपानं ते मोठ्यानं वाचलं, न अडखळता.

तेवढी एकच होती हो. ती बी माझ्याच हातानं दुरुस्त करून आलो.