विझवलेला दिवा आणि माझे वय

दिनांक ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझी गाडी तळ्यात गेली. ती मी घातली नाही. ती का गेली, हे सांगण्यासाठी आज दिनांक २२ ऑक्टोबर रोजी मी आपल्या पोलीस ठाण्यात समक्ष हजर आहे.

नाव ओळखपत्राप्रमाणे. वय वर्षे एकाहत्तर. व्यवसाय : सेवानिवृत्त, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर. राहणार : तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे शेवटून दुसरे घर, हिरवे फाटक. शिक्षण विचारले म्हणून सांगते, कॉन्व्हेंटमध्ये. तिथे खोटे बोलण्याला शिक्षा होती आणि पुटपुटण्याला दुप्पट. विचारल्यावरून जबाब देते की,

माझी थोरली बहीण माझ्याकडे राहते. तिला दिसत नाही. दर गुरुवारी सकाळी मी तिला गाडीतून तळ्यावर नेते. काचा खाली करून आम्ही बसतो. ती विचारते, "आज पाणी कसलं आहे?" मी सांगते. कधी शिशासारखे, कधी धुतलेल्या पाटीसारखे, कधी कोणीतरी आतून दिवा लावल्यासारखे. बहुतेक वेळा खरे सांगते. तो उतार तिला चालत झेपत नाही आणि दुसऱ्या कोणाच्या गाडीतून ती जात नाही, कारण दुसरे लोक गाडीत बोलतात.

गाडी जुनी आहे, पण तिला एबीएस आहे. तो काय असतो हे आपल्या शिपायाला माहीत नव्हते, म्हणून लिहून घ्यावे. ब्रेक जोरात दाबल्यावर चाके जागीच आवळली जाऊन गाडी घसरू नये म्हणून ही यंत्रणा ब्रेक धरते, सोडते, पुन्हा धरते. त्या वेळी पायाखालचे पेडल थरथरते आणि मांडीवरचे मांजर गुरगुरावे तसा आवाज येतो. मला ती थरथर माहीत आहे. ताईला तो आवाज माहीत आहे.

सप्टेंबरमध्ये गाडीचा मागचा अ‍ॅक्सल वाकला. ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, ती ओळखीच्या गॅरेजात दिली. तिथे भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल काढून तिला बसवला. तीन गुरुवार आम्ही गाडीवाचून काढले. तिन्ही गुरुवारी ताई स्वेटर घालून फाटकापाशी खुर्चीवर बसली होती. उद्या गाडी नाही असे तिला आदल्या दिवशीच सांगितले होते. तरी बसली.

नऊ तारखेला सकाळी भाच्याने गाडी चालू स्थितीत फाटकाशी आणून उभी केली. म्हणाला, "इंजिन तापत ठेवलंय, मावशी. बस आणि नीघ." खोलीतून दोन मिनिटे बाहेर जाताना पंखा बंद करणारा हा मुलगा. मला नवल वाटले, पण ताई आधीच आत बसून पट्टा शोधत होती. त्यामुळे त्या दिवशी निघताना किल्ली मी फिरवली नाही. ही बाब महत्त्वाची आहे. पुढे येईलच.

उतारावर धुके होते आणि ओली पाने पडली होती. वळणानंतर बदकांची रांग रस्ता ओलांडताना दिसली. एकही घाईत नव्हते. मी ब्रेक दाबला. पेडल दगडासारखे घट्ट राहिले. थरथर नाही, आवाज नाही. गाडी थांबली नाही, ती तरंगू लागली. झाडे एकेक करून बाजूने निघून गेली. कुंपण आले आणि काही न बोलता बाजूला झाले. पलीकडे कोणीच नसलेली लाइन कानाला धरून ठेवावी, तसे स्टिअरिंग मी धरून ठेवले होते. गाडी हळूहळू आडवी फिरली, पुन्हा सरळ झाली आणि पुढची चाके पाण्यात घेऊन लव्हाळ्यात उभी राहिली.

ताई म्हणाली, "पोचलो का गं?"

मी म्हटले, "जरा पुढेच."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मांजर गुरगुरलं नाही आज." तिचे मनगट मोडले होते, ते तिने त्यानंतर सांगितले. बदकांना इजा झाली नाही. त्यांचा उल्लेख पंचनाम्यात आहे, मनगटाचा नाही.

इंजिन बंद पडले होते. मी किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे क्षणभर लागले, धुक्यात लाल-पिवळे, फार सुंदर दिसले. एबीएसचा दिवा लागला नाही. जबाब घेणारे साहेब म्हणाले, "दिवा लागला नाही म्हणजे बिघाड नव्हता ना, बाई?" तर तसे नाही. किल्ली फिरवल्यावर तो लागून विझला पाहिजे, मग यंत्रणा जागी आहे असे समजायचे. जो लागतच नाही तो दिवाच मेलेला असतो. निघताना किल्ली मी फिरवली असती, तर हे फाटकापाशीच कळले असते. एक्स्चेंजमध्ये आम्ही सकाळी आधी बोर्डावरचे सगळे दिवे पेटवून बघायचो. न पेटणाऱ्या दिव्याखाली माणूस मदतीसाठी ओरडत असला, तरी आपल्याला वाटते, तिकडे शांतता आहे.

एवढ्यात भाचा उतारावरून धावत आला. त्याने ताईला उचलून काठावर नेले, ते त्याने फार सांभाळून केले. मग आपला शिपाई आला. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. भाचा त्याला म्हणाला, "मावशीचं वय झालंय हो. ब्रेकवर वेळेत पाय पडला नसेल." शिपायाने मला काही न विचारता लिहिले : वयोमानामुळे चालकाचा ताबा सुटला. मी म्हटले, "माझा पाय इथे आहे, त्यालाच विचारा." तो म्हणाला, "आजी, तुम्ही आधी बाहेर या." मी त्याची आजी नाही.

गाडी ओढून दुसऱ्या गॅरेजात नेली. वर उचलल्यावर मी खाली उभी राहून पाहिले. जुन्या अ‍ॅक्सलवर चाकांशी दातेरी कडी होती, तिचे दाते मोजून सेन्सर चाकाचा वेग सांगतो. बदललेल्या अ‍ॅक्सलवर कडीच नाही. सेन्सरच्या दोन्ही वायरी प्लास्टिकच्या पट्टीने वर बांधून टाकल्या होत्या. चाके फिरताहेत की नाही हे यंत्रणेला कळायला मार्ग नव्हता, म्हणून ती झोपली. झोपल्याचे सांगणारा दिवा डॅशबोर्डच्या मागून काढून घेतलेला होता.

मी पहिल्या गॅरेजच्या मालकाकडे गेले. आमचा जुना अ‍ॅक्सल भिंतीला टेकून उभा होता, कड्या शाबूत.

मी म्हटले, "या काढून नव्यावर का बसवल्या नाहीत?"

"मापात बसत नव्हत्या, बाई. योग्य कडी बाहेरून मागवायची तर महिना लागला असता."

"आणि दिवा?"

"तो तुमच्या भाच्यानं काढायला लावला. म्हणाला, पेटलेला दिसला तर मावशी गाडी हलवणार नाही, आणि आई दर गुरुवारी फाटकात बसते, ते मला बघवत नाही."

साहेबांनी विचारले, भाच्याला जाब विचारला का? नाही. आज मला इथे त्यानेच आणले. मी वाहन चालवण्याचा परवाना परत करण्याच्या कागदावर सही करायला आले आहे, अशी त्याची समजूत आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याने दिवा काढला, तो आईसाठी काढला. काठावर जे बोलला, ते कोणासाठी बोलला, हे मला कळत नाही. तिथूनच माझी तक्रार सुरू होते.

दिनांक ३ नोव्हेंबरला परिवहन कार्यालय माझ्या परवान्याच्या नूतनीकरणावर निर्णय देणार आहे. 'वयोमानामुळे' हा शब्द तोपर्यंत राहिला, तर परवाना जाईल आणि ताईचे तळेही जाईल. तो शब्द खोडावा, गाडीची तांत्रिक तपासणी व्हावी आणि गॅरेजमालकाचा जबाब घ्यावा.

जबाब वाचून दाखवताना दार उघडे ठेवावे, अशी मी विनंती केली. ती मान्य झाली. वाचताना एका ठिकाणी 'सदर वृद्धा' असे आले. तो शब्द माझा नव्हता, तो मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे व खरे आहे.

वाचन संपले तेव्हा भाचा दारात उभा होता. म्हणाला, "मावशी, आईला कळलंय?"

मी म्हटले, "तिनंच तर आधी सांगितलं. मांजराचं."

तो आत येऊन टेबलापाशी उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, दुसरा कागद घ्या. माझंही लिहून घ्या." हे माझ्यासमोर घडले म्हणून इथे जोडले आहे. त्याचा जबाब त्याने एकट्याने द्यावा, मी बाहेर बाकावर बसते.

त्या शब्दाच्या दुरुस्तीबाबतचे लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक ३१ ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत हिरव्या फाटकाच्या घरी पोचावे. फाटकापाशी स्वेटर घालून कोणी बसलेले दिसल्यास पाकीट तिच्याच हातात द्यावे. त्यात जे असेल ते मी तिला जसेच्या तसे वाचून दाखवीन.