व्याह्यांचा फेटा

चहा पाजलाय म्हणून सांगतो, नाहीतर हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.

आमचे निफाडचे व्याही दहा वर्षं एकच तुणतुणं वाजवत होते, की लग्नात मी त्यांना फेटाच बांधला नाही. ऐकून घ्यावं लागायचं माझ्या लेकीला. लग्नाचं शूटिंग आमच्या कॉम्प्युटरात होतं. सुनेला म्हटलं, "मोबाईलमध्ये टाक, दाखवतोच त्यांना." तिनं वायर जोडून बजावलं, "नाना, मी सांगेपर्यंत काढायची नाही." थोड्या वेळानं बघतो तर मोबाईल शंभर टक्के चार्ज. उगाच वीज कशाला जाळायची? वायर उपसली अन् निफाडची एसटी धरली.

व्याह्यांच्या ओसरीवर सगळं गणगोत जमवून व्हिडिओ लावला. त्यात मी फेटा हातात घेतला, त्यांच्याकडं निघालो, अन् व्हिडिओच संपला. व्याही म्हणाले, "आणलेला दिसतोय. बांधला कुठं?"

सुनेला फोन लावला, तर ती म्हणे, "नाना, शूटिंगच्या चारातल्या दोनच फायली मोबाईलमध्ये गेल्या. वायर तुम्हीच काढली ना?"

पुढच्या रविवारी चारही फायली घेऊन परत गेलो. व्हिडिओत फेटा व्याह्यांच्या डोक्यावर बसला, सगळ्यांनी बघितला. लेक दारातून माझ्याकडं बघून हसली. व्याह्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं अन् विहीणबाईंना म्हणाले, "मी तेव्हा किती बारीक होतो गं."

बस, एवढंच. चुकलो म्हणायचं अजून राहिलंय त्यांचं, निफाडच्या रंगनाथरावांचं.