बर्नर पेटलाच नव्हता

सही नाही होणार म्हणजे नाही होणार — आणि तुम्ही उभे का, बसा ना, ते स्टूल ओढा — ते नको हो, त्याचा पाय डुगडुगतो, ते पलीकडचं घ्या — आणि प्रिन्सिपलची चिठ्ठी आणलीत तरी मी हेच सांगणार. अपूर्वचे वडील तुम्ही, मुलाचं बारावीचं वर्ष, सोमवारी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल, जर्नलवर ह्या घरत मॅडमची सही नसेल तर एक्स्टर्नल त्याला टेबलापाशी उभं करणार नाही — सगळं ठाऊक आहे मला. मीच तर जूनपासून घसा फोडून सांगतेय हे. भगवान, दार उघडंच राहू दे रे! बाहेर पोरं उभी आहेत ना? असू देत. ऐकू देत. वर्गात तर कुणी ऐकत नाही, निदान भांडण तरी ऐकतील.

काय म्हणालात? एवढं काय केलंय त्यानं? थांबा, दाखवतेच. हे बघा — पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अॅसिड. तुम्ही स्वतः केमिस्ट आहात ना? अपूर्व सांगत असतो, बाबा तळोज्याला मोठे केमिस्ट आहेत — मग तुम्हाला तर मी समजावायलाच नको. ह्यात अॅसिड आधी गरम करावं लागतं की नाही? थंड असलं तर पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जाता जात नाही. बरोबर? नुसती मान नका हलवू, वाचा. नाहीतर मीच वाचते. ‘द सोल्यूशन वॉज हीटेड ऑन अ बर्नर.’ हीटेड! अक्षर कसं मोत्यासारखं. आता वरची तारीख बघा. अहो, त्या आठवड्यात ह्या लॅबमध्ये गॅसच नव्हता! सिलिंडर संपलेला, एजन्सीत नंबर लावलेला, भगवान रोज सायकलवरून जायचा आणि हात हलवत परत यायचा. मी वर्गाला सांगितलं, बाळांनो, आज होत नाही, सिलिंडर आला की करू. मग गॅदरिंग आलं, मग प्रिलिम आली, राहूनच गेलं. बर्नर पेटलाच नव्हता! आणि ह्याचं सोल्यूशन गरम झालं. मी विचारलं त्याला सगळ्यांसमोर, कशावर तापवलंस रे, डोक्यावर ठेवून? तर हसला. हसला हो! चूक सापडली म्हणून ओशाळून नव्हे — बाईंना एवढं कसं कळत नाही, असं हसला.

आणि रीडिंग्ज? नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट आठ. ओळीनं. माझ्या ह्या ब्युरेट्सच्या तोट्या गळतात, दोन मुलांची रीडिंग्ज कधी जुळत नाहीत, आणि ह्याच्या हातून मात्र थेंब इकडचा तिकडे होत नाही. कुठून आलं ते मला माहीत नाही का? सीनियरचं जर्नल. लग्नातल्या भाड्याच्या भांड्यांसारखं ह्या घरून त्या घरी फिरतं ते, जुन्या पनवेलपासून पार खांदा कॉलनीपर्यंत. बरं, ह्यानं एकट्यानं केलं असतं तरी एक वेळ — पण अर्ध्या वर्गाची तीच रीडिंग्ज, तोच रंग, तोच निष्कर्ष. त्या कुणाच्याच जर्नलवर सही केलेली नाही मी. बाकीच्यांच्या आया रडून गेल्या. तुम्ही रडायला नाही, समजवायला आलात, एवढाच फरक.

मला समजवू नका. मला फक्त एवढं सांगा — रिपोर्ट कशाला लिहायचा असतो? मार्कांना? मी पहिल्या दिवशी सांगते मुलांना, अरे, तुम्ही जे केलंत ते उद्या दुसऱ्या कुणाला तसंच्या तसं करता आलं पाहिजे, म्हणून लिहायचं. पुस्तकात काय यायला हवं ते नाही — तुमच्यासमोर काय आलं ते. रीडिंग आलं की तिथल्या तिथं, उभ्या उभ्या जर्नलमध्ये. चिठोऱ्यावर लिहून घरी जाऊन सुंदर अक्षरात उतरवायचं नाही, त्या वाटेतच तर सगळी भानगड होते! चुकलं तर एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. ती पांढरी शाई थापायची नाही — ही बघा, ह्यानं इथे थापलीय, नखानं खरवडली की निघते. उत्तर चुकीचं आलं? येऊ दे! का आलं असेल ते दोन ओळीत लिही — ब्युरेट गळत होती, पाणी डिस्टिल्ड नव्हतं, माझं लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं असं लिहिणाऱ्या पोरालासुद्धा मी पूर्ण मार्क दिलेत. आणि निष्कर्षात फक्त जे दिसलं तेवढंच. एवढं साधं आहे. स्वयंपाकघरातली बाईसुद्धा करते — मीठ जास्त पडलं तर म्हणते, आज मीठ जास्त पडलंय हो. ती काय सांगते, छान झालंय, मागच्या वर्षीच्या आमटीसारखं?

आणि जमतं हो मुलांना! निशा म्हणून एक मुलगी आहे, चिरनेरहून एसटीनं येते, गाडी चुकली की पहिला तास बुडतो तिचा. तिचं जर्नल बघा. हाच प्रयोग. नाव लिहिलंय, तारीख लिहिलीय, आणि खाली — ‘नॉट परफॉर्म्ड. नो गॅस.’ बस. पान कोरं. मला विचारायला आली होती, घाबरत, मॅडम, कोरं ठेवलं तर एक्स्टर्नल मार्क कापतील का? मी म्हटलं, कापतील बाळा, कदाचित कापतीलही, पण सही मी सगळ्यात आधी तुझ्यावर करते. आणि केली. त्या कोऱ्या पानावर केली! आता तुम्ही मला सांगा, आज मी ह्या थापेवर सही केली तर सोमवारी त्या पोरीसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?

काय? — परत बोला. ‘पुढे नोकरीत गेल्यावर हे कोण बघतं?’ वा. वा! म्हणजे अपूर्व खोटं नाही बोलला. मला वाटलं पोरगं बापाच्या नावावर काहीतरी खपवतंय. तो मला म्हणाला, मॅडम, माझे बाबा म्हणतात आधी उत्तर ठरवून घ्यायचं, रीडिंग्ज आपोआप मागून येतात. तुम्ही म्हणालात ना हे? जेवताना? हसून? तुम्ही हसून म्हणालात आणि त्यानं ते गाठीला बांधलं. अहो, माझा राग मुलावर नाहीच आहे! सतरा वर्षांच्या पोरावर काय रागवायचं? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि नोकरीचं मला नका शिकवू तुम्ही. कंपनी-बिंपनी सगळं माहीत आहे मला. माझे मिस्टर तिथेच आहेत, तळोज्यालाच, कंपनीच्या लॅबमध्ये असिस्टंट. बीएस्सी केमिस्ट्री. सासऱ्यांची मिठागरं सरकारनं घेतली, त्या बदल्यात चिकटले कसेबसे, अजून टेंपररीच. काम काय, तर कंपनीतून नाल्यात जे पाणी सोडतात ते रोज बाटलीत भरायचं, तपासायचं आणि रिपोर्ट लिहायचा. किती चांगलं काम! पण होतं काय? सोमवारी सकाळी साहेब सांगतात, घरत, आठवड्याचे आकडे भरून टाक. आठवड्याचे! शुक्रवारचं पाणी अजून नाल्यात यायचंय, आणि रिपोर्टात ते तपासून झालंय. पीएच सात पॉइंट एक, सात पॉइंट दोन, सात पॉइंट एक — बघा, तुमचा अपूर्व निदान एकच आकडा तीनदा लिहितो, तिकडे जरा हलवून लिहितात, खरं वाटावं म्हणून. शिकलेली माणसं ना!

आणि पाणी? तुम्ही कधी खाडीवर गेलाय? तिकडे कामाला जाता आणि एकदा तरी खाली उतरून बघितलंय? माझ्या सासूबाई, सखूबाई, जन्म गेला त्यांचा त्या खाडीत — परवा मला म्हणतात, “सूनबाय, आता खाडीन निवट्या नाय. येक बी नाय. पान्यान पाय ठेवला का आग होते.” निवट्या म्हणजे काय ते तुम्हाला कुठून माहीत असणार, चिखलातले मासे असतात छोटे, पावसाळ्यात आमच्याकडे घरोघरी तेच. ती म्हातारी मला विचारते, तू शाळंन शिकवतेस ना, मंग पान्याला झाला काय? काय सांगू मी तिला? की तुझाच मुलगा लिहितो पाणी उत्तम आहे म्हणून?

ते तरी काय करणार पण! मार्चमध्ये परमनंट करायचं बोलणं आहे, आणि ते नव्या साहेबांच्या सहीवर अडलंय. हे नवे साहेब दिवाळीनंतर आले आणि त्यांनीच ही आठवड्याची पद्धत काढली, आधी निदान रोजच्या रोज खोटं लिहीत होते. माझे मिस्टर घरी येतात ना, जेवत नाहीत. एक दिवस मला म्हणाले, शशी, मी खरं पाणी भरून ठेवलंय. मी म्हटलं, म्हणजे? तर बाटली काढली पिशवीतून. चिठ्ठी लावलेली, तारीख, वेळ, नाल्याची जागा, खाली सही — अहो, असा रिपोर्ट माझ्या एका विद्यार्थ्यानं लिहिला नाही अजून! आमच्या फडताळात आहे ती, लोणच्याच्या बरणीच्या मागे. वरचे तपासणीवाले येतील ना, तेव्हा रिपोर्टाच्या शेजारी ती बाटली ठेवणार आहेत हे. म्हणतात, मग नोकरी राहो नाहीतर जावो. आणि मी, मी बायको असून म्हटलं, ठेवा! आम्ही नाही भीत. त्या साहेबाला एकदा —

काय? ह्यांचं नाव? कशाला हवंय नाव? घ्या ना, लिहून घ्या, चोरी थोडीच केलीय. प्रभाकर. प्रभाकर घरत. का हो? — काय झालं? पाणी हवंय का? मग असे काय बघताय?

हे काय. कार्ड. कार्ड कशाला, मला काय करायचंय तुमच्या — ‘कमलाकर देवस्थळी. मॅनेजर, क्वालिटी…’

…

कंपनी ह्यांचीच. म्हणजे दिवाळीनंतर जॉइन झालात ते तुम्ही. आधी दुसऱ्या कंपनीत होतात, तळोज्यातच… हो. हो, अपूर्व म्हणाला होता, बाबांना नवी नोकरी — माझं लक्षच नाही गेलं. ह्यांनी कधी नाव नाही घेतलं हो घरी. नुसतं साहेब, साहेब. मी कशाला विचारतेय.

भगवान — भगवान, दार लोटून घे जरा. आणि पोरांना घरी जा म्हणावं.

हे बघा, मी रागात होते. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते — बाटली-बिटली काही नाही. लोणच्याची बरणी आहे नुसती. हे असं काही करणाऱ्यातले नाहीत, साधा माणूस आहे, उलट चांगलंच बोलतात तुमच्याबद्दल, मीच आपलं इकडचं तिकडचं… सासूबाईंचं वय झालंय, त्यांना काहीही वाटतं. तुम्ही काहीतरी बोला ना. मघाशी एवढं समजावत होतात. ‘नाही’ म्हणा, ‘काळजी करू नका’ म्हणा, काहीतरी.

नका ना असे बघू.

…

कुठे निघालात? थांबा. जर्नल राहिलं ना तुमचं. बसा, बसा, साहेब — एक मिनिट लागेल. पेन आहे माझ्याकडे. हे इथे पांढरं खरवडलं गेलंय माझ्या नखानं, असू दे, मुलाला म्हणावं परत लाव. हं. आणि पुढचं पान, सर्टिफिकेटचं. झालं.

फक्त सहीखाली… तारीख कोणती घालू, साहेब?