काजीला चालणारी झाडं

...आणि वर मलाच विचारतात, "बूअज्जा, त्या विधवेच्या रोपवाटिकेत रोज रोज जाऊन तू करत काय होतास?" काय करत होतो? अहो, पान विषारी आहे का, एवढंच विचारत होतो मी!

तुम्हाला सांगतो, माणसानं आमच्या मोरोक्कोत, या मेकनेस गावात काय वाट्टेल ते पाळावं. गाढव पाळावं, सासू पाळावी... मी पाळलीये, चांगली धडधाकट आहे... पण रंग बदलणारा सरडा पाळू नये! तसा सरडा आमच्या गावाला नवा नाही हो. जडीबुटी आणि करणीचं सामान विकणाऱ्या अत्तारवाल्याकडे पिंजऱ्यात टांगलेलाच असतो. पण लोक तो नेतात जाळायला! करणी उतरवायची, जाळा. नजर लागली, जाळा. आणि नवऱ्यावर संशय आला की बायका त्याला टाकतात शेगडीत. नुसता वितळला तर नवरा सज्जन, फट्दिशी फुटला तर नवरा बाहेरख्याली! म्हणजे बघा, नवरा कसाही निघो, मरतो सरडाच. मी चपला शिवणारा माणूस, दुकानात ही माश्यांची झुंबड, म्हणून मी एक मागितला. अत्तारवाला म्हणतो, "कोणाची करणी आहे?" म्हटलं, "कोणाची नाही, पाळायचाय." तो म्हणाला, "मग तुझ्यावरच असणार."

नाव ठेवलं काजी. एक डोळा वादीकडे, एक डोळा प्रतिवादीकडे, आणि निकालाची घाई म्हणून नाही! पण लाड केवढे... वाटीतलं पाणी पिणार नाही. पानावर थेंब पडला पाहिजे, तो थरथरला पाहिजे, मग साहेब जीभ काढणार. म्हणजे पिंजऱ्यात जिवंत झाड हवं. मी गेलो नदीवर आणि भरगच्च गुलाबी कण्हेर उपटून आणली, फुकट! आमची सासू, लल्ला रक्कूश... लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब... आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाली, "छान आहे हो, ठेव ठेव." ती छान म्हणाली ना, तिथंच मला कळलं की हे झाड काही धड नाही.

म्हणून गेलो वेशीबाहेर, लल्ला तामूच्या रोपवाटिकेत. विधवा बाई, तोंडानं फटकळ. म्हटलं, "कण्हेर चालेल?"
"मरेल."
"धोतरा?"
"मरेल. मरायच्या आधी नाचेल."
"पण तो पानं कुठं खातो? किडे खातो."
"आणि किडा काय खातो, तुझ्या चपला? किडा पान खाणार, हा किडा खाणार, आणि तू छाती पिटत माझ्याकडे येणार!"

आता मला सांगा, असं ऐकल्यावर माणसाला झोप लागेल? मग जास्वंद नेली. ती चालते. मनी प्लांटचा वेल नेला, एरवी बरा नाही, पण आमच्या काजीला सोसतो म्हणाली. फवारलेलं औषध जावं म्हणून एकेक पान खालून वरून धुतलं, तो जिभेनं माती ओढू नये म्हणून कुंडीत गोटे रचले... बायको, ह्नीया, दारातून बघतेय. "माझे पाय दुखतात तेव्हा बोटही लावत नाही हा माणूस, आणि सरड्याच्या पानांना न्हाऊ घालतोय!" दुसऱ्या दिवशी एक पान पिवळं पडलं, मी पळालो तामूकडे. तिसऱ्या दिवशी कळी गळली, पुन्हा तामूकडे. अहो, पान विषारी आहे का, एवढंच विचारायला!

आणि तिथंच माती खाल्ली मी. खताचे हात, घाणेरडे पाय, म्हणून येताना थेट हमामात शिरायचो. आता बायकोजवळ निजलं की न्हायलाच हवं हा आमचा रिवाज, त्यामुळे आमच्या गावात लग्न झालेला पुरुष भलत्या वारी हमामातून न्हाऊन निघाला की गल्ली मनातल्या मनात समजते काय समजायचं ते! आणि ह्नीयाला ठाऊक, की घरात तर तसं काही घडलेलं नाही! मग हा आधी विधवेकडे, नंतर आंघोळीला... लल्ला रक्कूश म्हणाली, "पोरी, उगाच रडतेस कशाला? घरात सरडा आहे ना?"

शुक्रवारी मशिदीतून परत येतोय, शुक्रवारच्या जेवणातल्या कुसकुसच्या आशेनं नाक वर, आणि गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं... फट्! धावत गेलो, तर शेगडीपाशी सासू कमरेवर हात ठेवून उभी. "फुटला! सगळ्या गल्लीनं ऐकलं!"

अहो, फुटणारच! रोज ताजे नाकतोडे, धुतलेल्या पानावरचं पोटभर पाणी... मीच टम्म केला होता त्याला! बोटावर चढायचा हो माझ्या, एकेक पाय विचार करून टाकायचा, मला फार आवडायचा तो. मला रडूच फुटलं. तर सासू म्हणते, "बघ ह्नीये, पश्चात्ताप होतोय!"

ह्नीयानं गाठोडं बांधलं, तलाकची भाषा सुरू झाली, आणि सगळी गल्ली मला पुढं घालून निघाली तामूकडे. मी वाटभर ओरडतोय, "पान विषारी आहे का, एवढंच विचारलं हो मी!" कोण ऐकतंय? तामूनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. टक्कल पाहिलं, पोट पाहिलं, पुढचे पडलेले दात पाहिले... आणि हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली, की मटकन कुंड्यांवरच बसली.

"हा? ह्याच्याशी? अगं बायांनो, मी विधवा आहे, आंधळी नाही!"

गल्ली हसली. ह्नीयानं मला नव्यानं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "खरंच की." खरंच की! इतक्या वर्षांच्या संसारानंतर बाईला एका क्षणात पटलं! गाठोड्याची गाठ तिथंच सोडली तिनं.

सुटलो. निर्दोष सुटलो. घरी येताना लल्ला रक्कूश माझ्या शेजारून चालत होती, प्रेमानं म्हणाली, "मला वाटलंच होतं रे, खोट त्या सरड्यातच होती. पाळलेल्यांचं असंच असतं. पुढच्या वेळी आपण रानातला आणू."

पुढच्या वेळी, म्हणाली हो... पुढच्या वेळी!