उणे एकाचं वर्गमूळ

सर, तुम्ही डिप्लोमाच्या वर्गात प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत, विचारणाऱ्यालाच हाकललंत. पिंपरीला बसच्या रांगेत तो विलास माझ्यापुढे थोरल्या बहिणीशी भांडत होता.

“अक्का, सोडलं शिकणं. उद्यापासून कंपनीत हेल्पर.”

“झालं काय?”

“उणे एकाला वर्गमूळ कसं, विचारलं. सर म्हणाले, घोक, नाहीतर बाहेर हो.”

“उभा राहा असा. उणे एकानं गुणलं की तोंड उलटं फिरतं. तेच दोन सारख्या वळणांत फिर.”

“डावीकडे. परत डावीकडे. फिरलो.”

“त्यातलं एक वळण म्हणजे तुझं वर्गमूळ.”

“एवढंच? पण उपयोग काय?”

“मोटर तीन अँपिअर करंट व्होल्टेजसोबत घेते, आणि आणखी चार अँपिअर त्याच्या एक पाव वळण मागं राहून. तारेत एकूण किती?”

“सात.”

“तीन पावलं पुढं, मग तसंच पाव वळण घेऊन चार आडवी चाललास, तर इथून सरळ किती लांब?”

“पाच... म्हणजे तारेतही पाच?”

“मी कामाला आहे त्या मोटर टेस्टिंगमधला मीटर तेच दाखवतो, राजा.”

“आणि सर त्या वळणाच्या चाराला काल्पनिक संख्या म्हणतात!”

“त्यानंही तार तापते. हात लावून बघा म्हणावं.”

“उद्या वर्गातच जातो. सगळ्यांसमोर विचारतो, सर, तुम्हाला येत नव्हतं, की आम्हाला सांगायचं नव्हतं? बोला!”