धोंडीरामची झील

संगमेश : थांबा, थांबा काका. परत तेच झालं. अर्धी ओळ म्हणून गप्प बसलाव तुम्ही.

ईरप्पा : गप्प कुटं बसलो? म्हणलं की पुरं. "हाक मी मारली देवा..."

संगमेश : आणि पुढं?

ईरप्पा : पुडं "ओ दिली शेजाऱ्यानं".

संगमेश : मग ते म्हणा की माईकवर! इथं हेडफोनमध्ये नुसती ताईंची पेटी वाजत राहिली. जागा रिकामी गेली सगळी.

ईरप्पा : ते मी कसं म्हणू? ती झील हाय. झील धोंडीराम धरतो.

संगमेश : पण धोंडीराम काका आलेत कुठं?

ईरप्पा : न्हाय आला. तेच तर कळंना झालंय.

श्रीदेवी : संगमेशदादा, मी सांगते. आमच्या भजनात हे असंच असतंय. आमचे मामा अर्धी वळ टाकतात, धोंडीरामकाका ती उचलून पुरी करतात. मी सून होऊन मंद्रूपला आले त्याच्या कितीतरी आधीपास्नं. मामांनी आख्खी वळ एकट्यानं कधी म्हणलीच न्हाय.

संगमेश : म्हणजे काकांना गाणं अर्धंच येतंय?

ईरप्पा : ए, अर्धं कसं? पुरं येतंय. तोंडात तेवडं अर्धं येतंय.

संगमेश : काय ओ काका, मला तर काहीच कळेना. हे बघा, खालच्या कारखान्यातले माग जेवणाच्या सुट्टीपुरते बंद असतात. एकदा चालू झाले की खडखडाट सुरू, मग भिंतीला कितीबी चादरी मारा, उपयोग नाही. तेवढ्यात एक तरी नीट घेऊ. ताई, झील तुम्हीच म्हणा ना.

श्रीदेवी : मघाशी म्हणून बगितलं की. मामा माझ्याकडं बगून गाणंच विसरले.

ईरप्पा : इसरलो न्हाय. सुनंनं झील धरली की सासऱ्याला सूर कसा लागंल? आन ही लवकर उचलती. धोंडीराम जरा दम खाऊन उचलतो, तेवड्यात माजा श्वास हुतो.

संगमेश : मग बोलवून घ्या त्यांना. एवढं झालंय तरी काय?

ईरप्पा : मी तुला तेच इचारतोय की, काय झालंय? पैलं गाणं हितंच केलं आपण. जाताना कसा हसत गेला! जीपमदी माज्या खांद्यावर मान टाकून घोरत हुता. तुजं गाणं मोबाईलवर आलं, गावात जो तो लावाय लागला, आन ह्यो एकदम भजनाला यायचाच बंद. घरी गेलो, तर त्याची बायको, बजावैनी म्हणल्या, अंग दुकतंय त्यांचं. परत गेलो, तर करकंबला लेकीकडं गेला म्हणं. अजून तितंच हाय.

श्रीदेवी : तवापास्नं मामा रोज नवीन कारण काढतात. आदी म्हणले, जत्रेतला मानाचा नारळ दुसऱ्याच्या हातात दिला, म्हणून रुसलाय. मग म्हणले, मी त्याच्या बैलाला म्हातारा म्हणलो, म्हणून रुसलाय.

ईरप्पा : म्हणलो हुतो. पर बैल म्हातारा हायच की.

श्रीदेवी : आन परवा म्हणले, आपल्या बाळाच्या बारशाला त्याला शेवटच्या पंगतीला बसवलं. ओ मामा, बारशात ते वाढत होते! वाढणारा माणूस पैल्या पंगतीला कसा बसंल?

ईरप्पा : तू हसू नको पोरी. पाणी कुटं मुरतंय तेच कळंना मला. भांडला असता तर बरं हुतं, निदान कळलं तरी असतं. फोन केला की "बरं हाय" म्हणतो आन ठिवतो. संगमेश, खरं सांगू? सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रंला आपलं हे नवं गाणं नसलं तरी चालंल मला. पर ह्यो माणूस गेला, तर मी कुणाच्या तोंडाकडं बगून गाऊ?

संगमेश : काका... पाणी घ्या थोडं. असं करू, पहिलं गाणं लावतो. त्यात त्यांची झील आहे. ती ऐकून जरा मूड येईल, मग नवीन गाण्याचं बघू. चालेल?

ईरप्पा : लाव. त्याचा आवाज तरी ऐकू.

संगमेश : हां, ऐका.

ईरप्पा : "पेरलं मी रानात देवा..." बग, बग, कशी उचलली! "उगवलं तुजं नाव". विहिरीतनं बोलल्यावानी आवाज हाय गड्याचा.

श्रीदेवी : कुठं मामा? मला पेटी ऐकू येतीय, आन आमच्या ह्यांचा आक्टोपॅड.

संगमेश : आहे ओ ताई, मागं आहे. बारीक आहे जरा. कोरस बारीकच ठेवतात.

ईरप्पा : बारीक कुटं? खणखणीत हाय.

श्रीदेवी : दादा, ह्या मोठ्या स्पीकरवर नको. मोबाईलवर लावा. गावात सगळ्यांनी मोबाईलवरच ऐकलं.

संगमेश : घ्या. हे मोबाईलवर.

श्रीदेवी : बगा! "पेरलं मी रानात देवा", आन मग टिंग टिंग टिंग. "भरली मी घागर देवा", परत टिंग टिंग टिंग. नुसतं मी पेरलं, मी भरली. उगवलं काय, सांडलं काय, पत्ताच न्हाय!

संगमेश : ताई, मग इतके दिवस तुमच्या लक्षात नाही आलं?

श्रीदेवी : आमच्या घरात गाणं लागलं की मामा स्वतःच वरनं गायला लागतात. मोबाईल काय म्हणतोय ते ऐकू कुणाला येतंय?

ईरप्पा : काय बोलताय तुमी दोगं? मला येतंय की ऐकू.

संगमेश : काका, जरा इकडं या. ह्या खुर्चीवर बसा. परत स्पीकरवर लावतो. आता येतोय त्यांचा आवाज?

ईरप्पा : येतोय.

संगमेश : आणि आता?

ईरप्पा : येतोय की. ही बग, ही घेतली. "सांडलं तुजं नाव". हितं तो एकटाच वर जातो. बग, गेला!

संगमेश : काका.

ईरप्पा : काय?

संगमेश : त्यांचा ट्रॅक मी पूर्ण बंद केलाय. ह्यात आता त्यांचा आवाजच नाही.

ईरप्पा : मंग म्हणतंय कोण?

संगमेश : कुणीच नाही.

ईरप्पा : परत लाव.

संगमेश : लावतो. हे ऐका.

ईरप्पा : म्हणतोय की... श्रीदेवी, तू सांग. म्हणतोय का न्हाय?

श्रीदेवी : न्हाय मामा.

ईरप्पा : अय्यो शिवने. मंग मला कसा ऐकू येतोय?

संगमेश : ते मला माहीत नाही काका. पण बाकीच्यांना का ऐकू येत नाही, ते कळलं मला. चूक माझीच आहे. माझ्याकडं बँडची पोरं येतात, त्यांच्यात एक मेन सिंगर असतो, बाकीचे कोरस. कोरस मागं ठेवायचा, नुसतं भरल्यासारखं वाटावं म्हणून. मी तुमचं पण तसंच केलं. गाणं दोघांत वाटून आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खाली नाव पण तसंच टाकलंय. "गायक ईरप्पा, आणि कोरस".

ईरप्पा : कोरस म्हंजे?

श्रीदेवी : मागं बसून म्हणणारी माणसं.

ईरप्पा : मागं? धोंडीराम माज्या मागं कवा बसला? गुडग्याला गुडगा लावून बसतो त्यो! म्हंजे... त्यानं हे असं ऐकलं? असं, टिंग टिंग टिंग?

श्रीदेवी : ऐकलंच असणार की.

ईरप्पा : आन मी नारळ, बैल, पंगत करत बसलो! लाव, त्याला फोन लाव. न्हाय, थांब. काय बोलू मी? तू बोल. न्हाय, नको, मीच बोलतो. लाव.

श्रीदेवी : लागलाय मामा. स्पीकरवर ठेवते. बोला.

(धोंडीरामचा आवाज फोनवरून.)

धोंडीराम : बोल.

ईरप्पा : जेवलास का?

धोंडीराम : जेवलो.

ईरप्पा : काय हुतं जेवायला?

धोंडीराम : ईरप्पा, काम काय हाय ते बोल.

ईरप्पा : तू आपलं गाणं ऐकलंस का?

धोंडीराम : तुजं व्हय? ऐकलं.

ईरप्पा : मंग सांगायचं न्हाय का मला?

धोंडीराम : काय सांगायचं? लेक म्हायेरी आली हुती, तिनं मोबाईलवर लावलं. नातवंडं म्होरं बसली. गल्लीतली माणसं मीच बोलवून आणली, म्हणलं या, आमचं गाणं आलंय. धाकटी नात इचारती, आज्जा, तू कुटं हायस? म्हणलं थांब, आता येतो. वळ गेली. परत इचारती, आलास का? म्हणलं, जरा दम धर की, ह्या वळीला बग. आन गाणं संपलं.

श्रीदेवी : काका...

धोंडीराम : माणसं चांगली हुती. चहा पिऊन गेली. कोण काय बोललं न्हाई.

ईरप्पा : आरं, पर मला एक शब्द तरी बोलायचास!

धोंडीराम : मला वाटलं, तूच काढाय लावलंस. म्हातारा बेसूर झाला आसंल, तोंडावर सांगायची तुला लाज वाटली आसंल. म्हणलं, त्याला अवघड नको. आपणच बाजूला व्हावं.

ईरप्पा : मी? मी काढलं? मला आत्ता कळलं, आत्ता! ह्या पोरांनी दावलं तवा!

धोंडीराम : थाप मारू नगं. गावभर लावत फिरत हुतास ते गाणं. इतक्यांदा ऐकलंस, आन तुला कळलं न्हाई त्यात मी न्हाई ते?

ईरप्पा : न्हाय कळलं.

धोंडीराम : आसं कसं कळलं न्हाई?

ईरप्पा : मला तू ऐकू येत हुतास.

धोंडीराम : आँ?

ईरप्पा : आत्ता बी आलास. ह्यानं तुला पुरा बंद केला, तरी आलास. वरच्या सुरात गेलास ते बी ऐकलं मी. ही दोगं म्हणतात, न्हाय. धोंडीराम, मला काय कळंना झालंय रं. माजं डोकं फिरलंय का?

संगमेश : काका, आहात ना फोनवर?

धोंडीराम : हाय. हे कोण?

संगमेश : मी संगमेश, स्टुडिओवाला. चूक ईरप्पाकाकांची नाही, माझी आहे. तुमचा आवाज मी मागं ठेवला. आज परत बरोबरीनं लावून नवीन टाकतो मी. नाव पण दोघांचं.

धोंडीराम : लाव बाबा. तू लावशील. पर चहा पिऊन गेल्याली माणसं परत कोण बोलवून आणंल? आन नातीला काय सांगू, आज्जाला आता वाडवलाय म्हणून?

संगमेश : ...ते माझ्या हातात नाही काका.

धोंडीराम : तेच म्हणतो मी. ईरप्पा, तू गा की. तुला काय झील लागत न्हाई. आपापच ऐकू येतोय मी.

ईरप्पा : टोमणा मारू नको. मला येतंय, लोकांला येत न्हाय. आन मला बी आता तसलं ऐकायचं न्हाय. भ्या वाटाय लागलंय त्याचं.

धोंडीराम : मंग काय करतोस?

ईरप्पा : तेच कळंना. तू सांग.

धोंडीराम : मला काय म्हाईत?

श्रीदेवी : मामा, खाली माणसं यायला लागली. सुट्टी संपत आली मागाची.

ईरप्पा : येऊ दे. धोंडीराम, आसं कर. पैली वळ तू टाक.

धोंडीराम : कोण, मी?

ईरप्पा : तू टाक. मी मागनं उचलतो.

धोंडीराम : खुळा हायस का? जन्मात कदी पैली वळ टाकली न्हाई मी. सूर कुटनं धरू?

ईरप्पा : मी तरी कवा झील धरलीय? चुकू दे की. दोगं बी चुकू.

धोंडीराम : आत्ता? आसं फोनवर?

ईरप्पा : आत्ता.

धोंडीराम : त्यो पोरगा रेकॉर्ड बिकार्ड तर करत न्हाई ना?

संगमेश : नाही काका. सगळं बंद आहे.

धोंडीराम : बरं. ...थांब जरा. दार लावून घेतो.